अर्ध्या विटेची भिंत

डिचोलीच्या आठवड्याच्या बाजारात देवकी तांबड्या भाजीची जुडी उलटीसुलटी करून बघत होती, तेवढ्यात शेजारची भागीरथी तिच्याजवळ येऊन थांबली आणि अगदी सहज म्हणाली, "काकी, मुळगावच्या त्या काजूचं काय झालं मग? तोडला व्हय तुमच्या भावानं?" देवकीनं जुडी खाली ठेवली. "नाही अजून," असं काहीतरी तिच्या तोंडून गेलं असावं. भाजीवाली भाव सांगत होती, मागून कुणीतरी पाणी गळणारी माशांची पाटी घेऊन "सरा, सरा" करत चाललं होतं, आणि भागीरथी हसून पुढं मिरच्यांकडे वळलीसुद्धा. देवकी मात्र तिथंच उभी राहिली. मुळगावच्या परड्यातला जुना काजू भाऊ तोडणार आहे, ही गोष्ट तिनं एकाच माणसाला सांगितली होती. जयरामला. परवा दिवेलागणीला, जिन्याखालच्या खुर्चीत बसून. आणि जयरामला जाऊन सहा वर्षं झाली होती.

भाजी न घेताच ती घरी आली. कॉलनीच्या वाटेवर ऊन होतं. एकाला एक चिकटलेली ती घरं, सगळी सारखी, पुढं एक दार, रस्त्याकडे उघडणारं एक जनेल, वर एक गॅलरी. खाणी जोरात होत्या त्या काळात कुणा बिल्डरनं ती बांधली आणि खाणीवरच्या पगारदारांनी घेतली. जयराम फोरमन होता. चावी मिळाली त्या दिवशी तो दारातच उभा राहून म्हणाला होता, "दोन्ही बाजूंनी माणसं. तुला एकटं वाटणार नाही." एवढं लांब वाक्य तो क्वचित बोलायचा, म्हणून लक्षात राहिलं. देवकी आत आली, दार लावलं, आणि मधल्या खोलीत जाऊन त्या भिंतीसमोर उभी राहिली. फिकट पिवळा रंग, खिळ्याला जयरामचा फोटो, खाली पोपडे. इतकी वर्षं ती भिंत म्हणजे घराचा शेवट होता. आज पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं की भिंतीला दुसरी बाजू असते आणि त्या बाजूला माणसं जेवतात, झोपतात, ऐकतात. आपण काय काय बोललो ते तिला आठवू लागलं. लेक साईश फोनवर दोन मिनिटांत कंटाळतो, हे. सुनेनं पाठवलेली साडी आपल्याला आवडली नाही, हे. रात्री पायात गोळे येतात, हे. तुमच्या आईनं मला पहिली दोन वर्षं छळलं आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, हे तर कितीदा. एकदा, आषाढात, फक्त रडलो होतो. ते ऐकून पलीकडं कुणी भाकरी थापत असेल, थापता थापता हात थांबवला असेल. देवकीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला, घरात कुणीही नसताना.

घर दुरुस्त करायचं चतुर्थीतच ठरलं होतं. पावसाळ्यात ती जिन्यावरून घसरली होती. न्हाणीघर वर, स्वयंपाकघर खाली, आणि मधला जिना उभा, अरुंद, भर दुपारीही काळोखा. हाड मोडलं नव्हतं, पण साईश चतुर्थीला पुण्याहून आला तो हट्टालाच पेटला. "एक तर तू पुण्याला ये, नाही तर घर राहण्यासारखं करूया." पुण्याला जायचं नव्हतं म्हणून देवकी दुसऱ्याला हो म्हणाली. मग त्याच्या शाळेतल्या मित्राची बहीण आली, अंकिता, इंजिनियर. हातात टेप घेऊन ती घरभर फिरली, सगळीकडे बोटं वाजवत. "घर बरं आहे काकी. फक्त बांधणाऱ्यानं मधली खोली आहे हे विसरून टाकलंय. दोन्हीकडून शेजारी, उजेड येणार कुठून?" जिन्याच्या वर छप्पर कापून काच बसवायची, मागच्या लाकडं ठेवायच्या कोंदट खोलीचं न्हाणीघर करायचं, खाली खरबरीत लादी, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, ओटा देवकीच्या उंचीला. आणि पुढच्या-मागच्या दारांवर झडपा, म्हणजे वारा आरपार जाईल. मग तिनं त्या पिवळ्या भिंतीवर बोट वाजवलं आणि हसली. "ही अर्ध्या विटेची आहे. पलीकडं कुणी शिंकलं तर इथं तुम्ही जीते रहो म्हणत असाल. हिला आतून आवाज अडवायचं अस्तर करता येतं. पट्ट्यांचा सांगाडा, त्यात लोकरीसारखं रॉकवूल, वर दुहेरी बोर्ड. खोली चार बोटं लहान होईल, पण शांत." तेव्हा देवकी म्हणाली होती, "ते नको. मला काही त्रास नाही." इतक्या पटकन म्हणाली की साईशनं तिच्याकडे बघितलं.

बाजारातून आली त्या दुपारी तिनं अंकिताला फोन केला. "ते भिंतीचं पण करा."

"अस्तर? त्रास व्हायला लागला का काकी?"

"हो."

काम सुरू झालं तशी ती मुळगावला भावाकडे राहायला गेली. त्या दिवसांत ती कुणाशी फारसं बोलली नाही. बोलायचं ते सगळं साठवत राहिली. काजू तिच्या डोळ्यांदेखत तोडला गेला. करवतीनं आधी फांद्या, मग बुंधा, आणि झाड पडल्यावर विहिरीपलीकडची जुन्या खाणीची उघडी लाल टेकडी एकदम घराच्या अंगावर आली. इतकी वर्षं तिला त्या झाडानं झाकलं होतं. हे जयरामला सांगायचं, असं तिनं मनात बांधून ठेवलं. त्याच टेकडीवरून तो संध्याकाळी यायचा, केसांत, भुवयांत, कानांच्या वळणांत लाल धूळ घेऊन. न्हाणीतलं पाणी कितीतरी वेळ तांबडं वाहायचं. धूळ घशात बसलेली असायची, त्यामुळं प्रत्येक गोष्टीआधी तो घसा खाकरायचा, आणि पुष्कळदा खाकरणं झालं की बोलायचं राहूनच जायचं. लग्नाच्या सुरुवातीला ती वाट बघत राहायची, पुढं काय म्हणतात म्हणून. नंतर तिला कळलं की खाकरणं हेच उत्तर असतं. एक खाकरणं म्हणजे ऐकलं. दोन म्हणजे बघू. लांबलेलं, खाली उतरत गेलेलं म्हणजे तू म्हणतेस ते खरं, पण मी काय करू. चौतीस वर्षं ती त्या एवढ्याशा भाषेत संसार करत आली. साईशला ती भाषा कधी आली नाही. तो म्हणायचा, बाबा काही बोलतच नाहीत.

ती परत आली तेव्हा घरात अंकिता उभी होती, नव्या कपड्यांतल्या लेकराकडे बघावं तशी घराकडे बघत. आणि घर खरोखरच सुंदर झालं होतं. जिन्यावरच्या काचेतून ऊन सरळ मधल्या खोलीत उतरलं होतं, पायऱ्यांवरून वळत, फरशीवर लांबट चौकोन करून पडलं होतं. ह्या खोलीत ऊन असू शकतं हे देवकीला माहीतच नव्हतं. खोलीचा रंग काय आहे, कोपरे किती आहेत, सगळं पहिल्यांदा दिसत होतं. मागच्या दाराच्या झडपेतून वारा आला आणि पुढच्या दारानं गेला. न्हाणीत पाय ठेवला तर लादीनं तळवा धरून ठेवला. ओट्याशी उभी राहिली तर पाठ वाकली नाही. "बघा," अंकिता म्हणाली, आणि अस्तर केलेल्या भिंतीवर थाप मारली. बद्द असा आवाज आला, गादीवर मारल्यासारखा. "आता तिकडं वरात निघाली तरी तुम्हाला कळायचं नाही." देवकीनं तिला चहा दिला, पोदेराकडचे पाव दिले, साईशला फोन लावून दिला. दोघं खूप वेळ आनंदानं बोलत होती.

संध्याकाळी दिवा लावून ती खुर्चीत बसली. खुर्ची आता जिन्याखाली नव्हती, भिंतीजवळ होती, फोटोखाली. साठवलेलं सगळं ओठांशी आलं होतं. ती म्हणाली, "आयकलें?" सहा वर्षं ती अशीच सुरुवात करायची. आणि मग थांबायची.

ती थांबली.

आधी तिला वाटलं, आपण फार हळू बोललो. तिनं पुन्हा म्हटलं. आवाज तिच्याच तोंडापाशी पडला. मग तिनं काजूचं सांगायला घेतलं, झाड कसं पडलं, टेकडी कशी पुढं आली, आणि अर्ध्यात तिला जाणवलं की ती एकटी बोलते आहे. हे तिला याआधी कधीच जाणवलं नव्हतं. ती उठली, बोर्डावर कान लावला. नव्या रंगाचा वास, आणि कानात स्वतःच्याच रक्ताची घुमघुम. मग जे तिनं कधी मांडून बघितलं नव्हतं ते आपोआप मांडलं गेलं. जयराम गेला तेव्हा शेजारचं घर बंद होतं. ती बोलू लागली ती बाराव्यानंतर, नुसतीच, वेड लागू नये म्हणून, आणि तेव्हा उत्तर येत नव्हतं. उत्तर यायला लागलं पुढच्या पावसाळ्यात. एका संध्याकाळी ती डाळीत मीठ दोनदा पडल्याचं सांगत होती आणि जवळूनच, अगदी कानाशी, ते खाकरणं आलं. एकदाच. ऐकलं. आणि त्याच पावसाळ्यात शेजारी कोल्हापूरकडचे भाडेकरू राहायला आले होते. सतीश, औद्योगिक वसाहतीत कामाला, त्याची बायको भागीरथी, आणि सतीशचा म्हातारा बाप परशुराम, ज्याला टेंपोतून उतरवून आत नेताना देवकीनं एकदा पाठमोरं बघितलं होतं.

तिला माहीत नव्हतं का? सगळं माहीत होतं. खाकरणं भिंतीतून येतं, भिंतीपलीकडं माणसं असतात, एवढं न कळायला ती वेडी नव्हती. पण कळणं एका खोलीत होतं आणि ऐकणं दुसरीत, आणि मधलं दार तिनं कधी उघडलं नव्हतं. आता ऐकण्याची खोलीच बुजवून टाकली होती, तिच्याच सांगण्यावरून. पहिल्यांदा जयराम गेला तेव्हा इस्पितळ होतं, माणसं होती, शिरगावच्या बहिणी येऊन राहिल्या होत्या, रडायला रीत होती. या खेपेस कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साईशचा फोन आला. "कसं वाटतं ग आई?" ती म्हणाली, "बरं वाटतं. उजेड आहे." ते खोटंही नव्हतं.

दिवस जात होते. काचेतलं ऊन सकाळी जिन्यावर यायचं, दुपारी फरशीवर, चार वाजता फोटोवर. उजेडात जयरामचा चेहरा तिला अनोळखी वाटू लागला. स्टुडिओत काढलेला फोटो, धूळ नसलेला, तोंड मिटलेलं. ती बोलायची बंद झाली. मग गुणगुणायची बंद झाली, मग भांडी हळू ठेवू लागली. आपल्या घरात आपणच पाहुणे असल्यासारखी ती वावरत होती आणि घर इतकं सोयीचं झालं होतं की कशाला अडखळायलाही होत नव्हतं. संध्याकाळी ती मुद्दाम दारात जाऊन उभी राहायची. खाणीचे ट्रक पुन्हा थोडेथोडे सुरू झाले होते. त्यांचा आवाज ऐकत राहायची.

अशाच एका संध्याकाळी भागीरथी आली. हात ओले, पदर खोचलेला, स्वयंपाकातून तशीच उठून आलेली. आत न येता उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "काकी, राग येऊ देऊ नका. एक विचारू? तुमी आता बोलत न्हाई व्हय सांजच्याला?"

देवकीनं दाराची कडी हातात धरली. "कुणाशी बोलणार मी?"

"तसं न्हवं काकी. आमचे मामंजी..." भागीरथी अडखळली. "त्यांची खाट हाय भिंतीला. पडूनच असत्यात, एक अंग गेलंय. तुमचं बोलणं सुरू झालं की आमाला दटावायचे. टीव्ही बंद करा, बाई बसल्या म्हणायचे. मला बी ऐकू यायचं थोडं, म्हणून त्या दिशी काजूचं इचारलं. मग तुमचा चेहरा बघितला आनि वाटलं, चुकलंच." तिनं ओले हात पदराला पुसले. "तुमचं काम झाल्यापासून आवाज बंद. मी सांगितलं, घर दुरुस्त केलंय, भिंतीला काय काय लावलंय. त्यांना पटंना. म्हणत्यात, बाई गेल्या, तुमी मला सांगत न्हाई. चार दिस झालं, भाकरीला हात लावला न्हाई. तुमी एकडाव येऊन तोंड दाखवा, म्हंजे झालं."

"बघते," देवकी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तिला आधी संताप आला. इतकी वर्षं एक परका पुरुष कान लावून पडलेला, तिचे पायातले गोळे ऐकत, तिचं रडणं ऐकत, आणि वर खाकरून उत्तर देत. तिच्या नवऱ्याच्या जागी. मग संतापाच्या मागून दुसरंच काही आलं आणि ते अंगावर काटा आणणारं होतं. पलीकडच्या घरात आपण मेलेल्या आहोत. तिथं आपल्यासाठी कुणीतरी जेवण टाकलंय. इथं आपण उजेडात बसून आहोत, ओटा आपल्या उंचीचा आहे, आणि तिथं, चार बोटं बोर्ड आणि अर्ध्या विटेपलीकडं, आपलं सुतक चालू आहे. साईशला कळवलं तर तो हसेल. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं धुतलेली साडी नेसली, केस बांधले आणि शेजारचं दार वाजवलं.

आत पाऊल टाकलं आणि तिला भोवळच आल्यासारखं झालं. तिचंच घर होतं, पण उलटं. जिना उजवीकडे असायचा तो डावीकडे, स्वयंपाकघर त्या हाताला असायचं ते ह्या हाताला. आणि काळोख तोच, जुना, तिच्या घरातून काढून टाकलेला, जणू तो इकडं राहायला आला होता. मधल्या खोलीत ट्यूब जळत होती. भिंतीला लागून खाट. खाटेवर एक लहानखुरा म्हातारा, गाल आत गेलेले, गळ्यात तुळशीची माळ. जयराम उंच होता, रुंद होता. याच्यात त्याचं नखही नव्हतं.

"मामंजी," भागीरथी मोठ्यानं म्हणाली, "बघा, काकी आल्यात. जित्त्याजागत्या हायत. आता खावा."

म्हाताऱ्यानं मान वळवली. खूप वेळ बघितलं. मग त्यानं घसा खाकरला, आणि देवकीला ते पहिल्यांदा दिसलं. ओठ वाकडा होत होता, गळ्याची शीर ताणत होती, छातीतून काहीतरी ओढून वर आणावं लागत होतं, डोळ्यांत पाणी येत होतं. त्यात उत्तर कसलंच नव्हतं. फक्त श्वासाची वाट मोकळी करणं होतं. तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

"ह्या न्हवंत," परशुराम म्हणाला.

"अवो मामंजी, ह्याच की."

"मी वळखत न्हाई व्हय? ह्या न्हवंत." त्यानं डोळे मिटले.

भागीरथीनं देवकीकडे ओशाळून बघितलं. देवकी बोलायला गेली, मीच ती, मीच बोलायची. तोंडासमोर तोंड असताना तिचा तो आवाज निघेचना. निघाला तो बाजारातला, पाहुणचाराचा आवाज. "बरं आहे का आता?" आतून कुकरची शिटी झाली, भागीरथी उठून गेली. देवकी स्टुलावर बसून राहिली. काही वेळानं तो डोळे न उघडताच म्हणाला, "तुमी कोन? पोरीच्या वळखीच्या?"

"हो," ती म्हणाली. "इथंच राहते. जवळच."

"मग तुमाला म्हाईत असंल. ह्या भिंतीपल्याड बाई हुत्या."

"ऐकलं होतं."

"लई चांगल्या बाई." आणि तो सांगू लागला. थांबत, दम घेत, एका बाजूनं सांडत जाणाऱ्या शब्दांत. कोल्हापुरात फौंड्रीत जन्म गेला, तिथल्या वाळूनं छाती खाल्ली. मग अंग गेलं, पोरानं इकडं आणलं. इथली बोली कळत नव्हती, खिडकी नव्हती, दिवस आहे का रात्र ते ट्यूबवर. मग एका संध्याकाळी भिंत बोलायला लागली. बाई डाळीत मीठ जास्ती पडल्याचं सांगत होत्या. त्यांना एकच लेक, लांब असतो, पण गुणाचा आहे. सासूनं त्रास दिला त्यांना. सोसलं. पायात गोळे येत्यात. देवकी ऐकत होती. तिचंच आयुष्य, पण त्याच्या तोंडी ते एखाद्या थोर, शहाण्या, आता हयात नसलेल्या बाईचं होत चाललं होतं, आणि तिला त्या बाईबद्दल हळहळ वाटू लागली. साडीचं त्याला आठवत नव्हतं. रडल्याचं त्यानं सांगितलं नाही. त्याला आठवत असणार, हे तिला तो जिथं थांबला त्यावरून कळलं.

"आनि मालक बी चांगला," तो म्हणाला.

"कोण?"

"त्यांचा मालक. खाणीवर हुता न्हवं? दोघं बसायची सांजचं बोलत. बाई लई बोलायच्या. त्यो कमी."

ट्यूब बारीक गुणगुणत होती. देवकीनं स्टुलाची कड धरली. जयराम गेलाय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं कुणाला सुचणार? "तो बोलायचा?" तिनं विचारलं.

"बोलायचा की. हळू. भिंतीच्या अगदी जवळनं."

"काय बोलायचा?"

"आता तुमची बोली मला कुठं कळतीया. बाईंचं ऐकून ऐकून कळाया लागलं. त्याचं न्हाई." त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "एक शबूद रोजचा हुता. बाई उठून दिवा मालवाया गेल्या, की मागनं म्हणायचा. रावलां. असंच कायतरी. रावलां, रावलां."

कोंकणीत रावलां म्हणजे थांबलोय. वाट बघतोय. म्हाताऱ्याच्या कोल्हापुरी जिभेवर शब्द जाड झाला होता, पण शब्द तोच होता. हा शब्द देवकीनं त्या खुर्चीत बसून कधी उच्चारला नव्हता. आणि चुकून उच्चारला असता तरी तिच्या तोंडून तो असा आला नसता. बाईमाणूस रावल्यां म्हणतं. रावलां पुरुष म्हणतो.

आतून भागीरथी ताट घेऊन येत होती. देवकीनं हातानंच तिला थांब म्हटलं आणि स्टूल खाटेजवळ ओढलं.

"परत एकदा म्हणा," ती म्हणाली.

परशुरामनं डोळे उघडले. ही बाई कोण, हिला एवढं काय त्याचं, असं त्याच्या नजरेत आलं आणि गेलं. त्यानं वाकडा ओठ सावरला आणि सावकाश, तिला नीट कळावं म्हणून, तो शब्द पुन्हा म्हटला. देवकीनं श्वास रोखून त्याचं शेवटचं अक्षर ऐकलं. लां.